टिपणीस सर आणि झोपलेलं मॅनेजमेंट

टिपणीस सरांच्या गाडीत मी पहिल्यांदा बसले त्या सकाळी, दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसमधून बाहेर पडून आम्ही हायवेला लागतो न लागतो तोच त्यांनी स्टीअरिंगवर हात आपटला आणि ते ओरडले, "काढा त्याला! अरे दमलाय तो, काढा!"

मला वाटलं, गाडीखाली कुणी सापडलं. मी घाबरून मागे वळून बघितलं. मागे नुसता रस्ता होता आणि एक पाण्याचा टँकर होता.

"कुणाला काढायचं, सर?"

"पिचरला! त्याचा खांदा बघ."

खांदा बघायची काही सोय नव्हती. गाडीत फोन लावलेला होता आणि फोनमधून एक अमेरिकन माणूस अतिशय शांतपणे काहीतरी सांगत होता. मध्येच गर्दीचा आवाज यायचा. टिपणीस सरांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "मॅनेजमेंट झोपलंय."

हे वाक्य गेल्या सात वर्षांत मी किती वेळा ऐकलं असेल, ते सांगता येणार नाही. माझ्या नवऱ्याने मला जितक्या वेळा 'मेधा' म्हणून हाक मारली असेल, त्याहून नक्कीच जास्त.

आमची कंपनी अल क्वोजमध्ये आहे. इमारतींसाठी अ‍ॅल्युमिनिअमच्या खिडक्या-दारं बनवतो आम्ही. टिपणीस सर फॅक्टरी मॅनेजर, मी प्लॅनिंगला. एकाच कॉम्प्लेक्समध्ये राहतो, म्हणून मी त्यांच्या गाडीतून जाते. इकडे याला कारलिफ्ट म्हणतात. पेट्रोलचे पैसे ते घेत नाहीत. भाडं म्हणून फक्त ऐकून घ्यायचं.

एवढं ऐकून माझ्या लक्षात आलं ते असं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका शहरात एक बेसबॉलची टीम आहे. तिचं नाव सर घेत नाहीत, 'आपली टीम' म्हणतात. तिथे संध्याकाळी सातला मॅच सुरू झाली की दुबईत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा वाजतात. पावणेसातला आम्ही निघतो तेव्हा सामना रंगात आलेला असतो. ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोहोचल्यावर डाव संपेपर्यंत सर गाडीतून उतरत नाहीत. मीही उतरत नाही. एकदा उतरले होते, तेव्हा पुढच्याच चेंडूवर आपली टीम हरली आणि त्याचा ठपका दोन दिवस माझ्यावर होता.

हे वेड त्यांना लागलं कसं? बऱ्याच वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना एका मशीनच्या ट्रेनिंगला त्या शहरात चार महिने पाठवलं होतं. ओळखीचं कुणी नाही. संध्याकाळी खोलीत बसून भिंती बघायच्या. स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि सगळ्यात वरच्या रांगेचं तिकीट स्वस्त होतं. तिथे शेजारी एक आजीबाई रोज पेन्सिल घेऊन बसायच्या आणि वहीत प्रत्येक चेंडूची नोंद करायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी सरांच्या हातात एक जादा पेन्सिल दिली. झालं.

तेव्हापासून सर वही ठेवतात. उभे-आडवे चौकोन, त्यात आकडे आणि अक्षरं. क्षेत्ररक्षकाने चूक केली की त्याच्या नावावर 'ई' लिहायचा, एररचा ई. त्यांच्या बायकोला, शुभाताईंना, मी एकदा विचारलं, तुम्हाला याचा त्रास नाही होत? त्या म्हणाल्या, "त्यांचं बेसबॉल आहे, माझी हार्मोनियम आहे. त्रास शेजाऱ्यांना."

खेळाडूंची खरी नावं सरांना पाठ आहेत, पण गाडीत ती चालत नाहीत. पहिल्या बेसवरचा एक धिप्पाड खेळाडू चेंडू मारल्यावर अजिबात धावत नाही, अधिक महिन्यात सासुरवाडीला आल्यासारखा रमतगमत जातो. तो 'जावईबापू'. शेवटच्या डावात चेंडू टाकायला येऊन जिंकलेली मॅच घालवणारा पिचर म्हणजे 'विरजण'. गुडघ्यांना पट्ट्या बांधून पिचरसमोर उकिडवा बसणारा म्हातारा कॅचर म्हणजे 'आबा'. आणि टीमचा जनरल मॅनेजर, जो खेळाडूंची अदलाबदल करतो, तो 'बोहारीण'.

"दुसरं काय म्हणणार?" सर म्हणाले. "जरीची साडी देतो आणि पातेलं घेऊन येतो. पातेलं तरी धड असावं! घरी आणून बघावं तर भोक."

एकदा माझ्या लेकीची स्कूलबस चुकली म्हणून तिला आमच्याबरोबर घेतलं. इरा नऊ वर्षांची. ती मागे बसून दहा मिनिटं ऐकत होती. मग म्हणाली, "आई, हू इज जावईबापू अँड व्हाय इज ही नॉट रनिंग?"

टिपणीस सरांनी आरशातून तिच्याकडे असं बघितलं, जणू त्यांना वारस सापडला. "बघ," ते मला म्हणाले. "नऊ वर्षांच्या पोरीला दिसतं. मॅनेजमेंटला दिसत नाही."

कुणाला वाटेल की हिवाळ्यात मॅच नसतात तेव्हा सुटका होत असेल. उलट आहे. मॅच नसतात तेव्हा नुसतं मॅनेजमेंट असतं.

क्रिकेटविषयी त्यांचं मत चांगलं नाही. "एका चुकीत माणसाला घरी पाठवता? हा काय न्याय झाला? आमच्याकडे तीन संधी देतात. आणि दहातल्या सात वेळा फसला, तरी त्याला मोठा खेळाडू म्हणतात. हबीबी, आयुष्यात एवढा उदार हिशेब कुठे मिळतो?" हे ते ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर बोलतात, आणि भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी बोलतात, यावरून त्यांच्या धैर्याची कल्पना यावी.

मागच्या वर्षी बोहारणीने आबाला काढलं. टीम दुसऱ्या गावी हॉटेलात उतरली होती, तिथे त्याला फोन आला म्हणे, की सामान बांध. त्या सकाळी सरांनी कॉमेंट्री लावली नाही.

"फोनवर!" हायवेवर ते म्हणाले. मग अल क्वोजच्या सिग्नलला पुन्हा, "आयुष्यभर गुडघे झिजवले त्या माणसाने. उठून त्याच्या खोलीपर्यंत जायचं नाही यांना? समोर बसून सांगायचं नाही? फोनवर!"

त्यांनी टीमच्या ऑफिसला दोन पानी पत्र लिहिलं. इंग्रजी मी तपासलं, 'बोहारीण'ला प्रतिशब्द न सापडल्यामुळे तो परिच्छेद गाळावा लागला. उत्तर आलं. टीमवरील प्रेमाबद्दल आभार, आणि सोबत टोपीवर दहा टक्के सूट. टोपी सूट धरून एकशे तीस दिरहॅमला पडत होती. "म्हणजे आपले तीन हजार रुपये," सर म्हणाले. "आबाला काढायचं आणि वर मलाच टोपी घालायची."

यंदा उन्हाळ्यात आमचं एक मोठं काम बंद पडलं. आमचे जनरल मॅनेजर मल्होत्रा नवीन होते. चुणचुणीत माणूस, वयाने टिपणीस सरांपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी सरांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"कटिंग में तीन आदमी हैं," मल्होत्रा म्हणाले. "काम दो का है. गुरुवार तक एक नाम दे दीजिए. बाकी एचआर ईमेल कर देगा."

"ईमेल?" सर म्हणाले.

"हां. प्रोसेस है."

"नाव मी देणार नाही. तिन्ही माणसं चांगली आहेत," असं सरांनी हिंदीत ठणकावून सांगितलं. मल्होत्रांनी शांतपणे विचारलं, "नंबर क्या बोलते हैं, टिपणीस साहब?"

आणि इथे पंचाईत झाली. कारण नंबर सरांकडेच होते. फॅक्टरीच्या माळ्यावर त्यांची काचेची केबिन आहे. तिथे बसून ते खालच्या कामाचीही वही ठेवतात, तशीच, चौकोन आखून. कुणाला वाचता येत नाही, फक्त मला येते. त्या दिवशी जिना चढून आम्ही वर गेलो आणि त्यांनी वही उघडली. वर्गीसच्या ओळीत चार महिन्यांत ई, ई, ई. एवढे की पान काळं दिसत होतं.

वर्गीस आमचा सगळ्यात जुना कटर. कोट्टायमकडचा. सर आणि तो एकाच वर्षी कंपनीत आले, एक केबिनमध्ये आणि एक मशीनवर. वर्गीसने कापलेल्या फ्रेमच्या कोपऱ्यात कागद सरकायचा नाही, असा त्याचा लौकिक होता. पण हल्ली माप चुकत होतं. पाच मिलिमीटर आखूड, आठ मिलिमीटर जास्त. वाया गेलेल्या मालाचा रिपोर्ट मीच करत होते, त्यामुळे मलाही ते माहीत होतं. मी बोलले नव्हते, इतकंच.

"ही वही मी लिहिली," सर म्हणाले. "माझ्या हाताने." मग वही मिटून म्हणाले, "ईमेल जाणार नाही. मी सांगीन त्याला."

मंगळवारी संध्याकाळी घरी जाताना त्यांनी गाडी उलट्या बाजूला वळवली. कंपनीच्या कामगारांची राहायची जागा तिथून जवळच आहे. मी म्हटलं, मी गाडीतच थांबते. सर म्हणाले, "तूही चल. मला एकट्याला जमेल असं वाटत नाही." इतक्या वर्षांत अमुक एक गोष्ट जमणार नाही, असं ते पहिल्यांदाच म्हणाले.

खोलीत चार कॉट होत्या. वर्गीस एकटाच होता. फॅक्टरी मॅनेजर दारात म्हटल्यावर तो इतका गडबडला की त्याने आधी वर खोचलेली लुंगी खाली सोडली, मग पंखा वाढवला, मग पुन्हा कमी केला. मला खुर्ची दिली. सर त्याच्या कॉटवर बसले.

"वर्गीस, मैं एक बात बोलने आया हूँ."

"पहले चाय, सार."

त्याने काळा चहा केला, लिंबू पिळून. गाळणी धरली आणि चहा ओतला. धार पेल्याच्या बाहेर पडली. टेबलावरून चहा सरांच्या पँटीवर आला. वर्गीसला ते कळलं नाही. चटका बसूनही सर हलले नाहीत. ते वर्गीसच्या हाताकडे बघत होते. त्याने डाव्या हाताचं बोट पेल्याच्या काठावर ठेवलं, चाचपलं, आणि मग बोटाशी धरून पेला भरला.

"वर्गीस," सर म्हणाले. "मेरी शर्ट का रंग क्या है?"

वर्गीसने गाळणी खाली ठेवली.

"मैं आया, तो कैसे पहचाना?"

"आवाज़ से, सार. सीढ़ी पे आपका खाँसी सुना."

"कब से नहीं दिखता?"

"दिखता है. थोड़ा धुआँ माफिक." मग हळू, "सार, बताएगा तो नौकरी जाएगा. हम उँगली से नाप लेता है. मशीन बंद करके लेता है, कसम से."

त्या मशीनचं पातं माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी हातातला पेला खाली ठेवला.

टिपणीस सर जे सांगायला आले होते, ते त्यांनी सांगितलं नाही. चहा संपवला, पेला स्वतः धुतला, आणि म्हणाले, "कल मशीन को हाथ नहीं लगाना. सुबह नौ बजे मेरे साथ चलो."

परतताना गाडीत ते एकच बोलले. "चार महिने मी त्याच्या चुका लिहीत होतो, मेधा. रोज. त्याला काय होतंय, हे एकदा खाली उतरून विचारलं नाही." चार महिने रिपोर्ट मीही करत होते. "मॅनेजमेंट झोपलंय" हे वाक्य त्या संध्याकाळी ते बोलले नाहीत. पण मला ते ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. ऑपरेशन केलं की दिसेल.

गुरुवारी सर मल्होत्रांच्या केबिनमध्ये शिरले तेव्हा त्यांच्या काखेत वही होती आणि चेहऱ्यावर जुना तोरा होता. मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. त्यांनी बोलायला सुरुवात केली. चूक आणि आजार यांतला फरक त्यांनी सांगितला. खांदा दुखावलेल्या पिचरला चांगली टीम आधी डॉक्टरकडे पाठवते, घरी नाही, हे सांगितलं. तीन संधींचं तत्त्व सांगितलं. मग एका पाठोपाठ एक उदाहरणं आली. आबा आला. जावईबापूही आला, त्याचा काय संबंध होता ते अजून मला कळलेलं नाही. मल्होत्रांनी दोनदा घड्याळ बघितलं, एकदा पाणी प्यायले, तीन फोन कट केले. पाऊण तासाने सर फळ्याकडे वळले आणि खडू नसल्यामुळे मार्कर उचलून मैदान काढायला लागले.

"खलास, टिपणीस साहब!" मल्होत्रा हात जोडून म्हणाले. "एक महीना. ऑपरेशन कराइए. महीने बाद देखेंगे. यल्ला, अब चलिए, प्लीज़."

बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "बघ. योग्य माणसाने समजावलं की मॅनेजमेंट ऐकतं."

ऑपरेशनं झाली. आधी एक डोळा, मग दुसरा. सुटीच्या दिवसांत वर्गीसला शुभाताईंनी घरीच ठेवून घेतलं, वेळेवर थेंब घालायला. त्याला हार्मोनियम ऐकावी लागली, पण त्याने तक्रार केली नाही. सर त्याच्या शेजारी बसून मॅच लावायचे आणि हिंदीतून समजावायचे. वर्गीस डोळे मिटून ऐकायचा आणि प्रत्येक डावानंतर एकच प्रश्न विचारायचा, "सार, अपना वाला कौन सा?"

महिना संपत आला तेव्हा वर्गीस मशीनवर परत आला होता आणि पहिल्यासारखा कापत होता. डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासूनच्या दिवसांत त्याच्या ओळीत एकही ई नव्हता. सरांनी ती पानं मला तीनदा दाखवली. कोऱ्या चौकोनांकडे मी कुणाला इतक्या प्रेमाने बघताना पाहिलं नव्हतं. काम तीन माणसांचं कसं आहे हे सिद्ध करणारं एक टिपणही त्यांनी केलं होतं. "उद्या मल्होत्राकडे जातो," ते म्हणाले. "बोलायलाच ठेवणार नाही त्याला."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वर्गीस वर आला. नवा चष्मा, हातात घडी केलेला कागद. त्याने कागद टेबलावर ठेवला. राजीनामा होता.

सर कागदाकडे बघत राहिले. मग उसळले. "पागल हुआ है क्या? दिखने लगा, तो अब जाता है?"

"दिखने लगा, इसलिए जाता है, सार."

मी उठून त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. उभ्यानेच सांगत होता, आधी सरांना, मग बहुतेक स्वतःलाच. त्याची बायको मरियम्मा गावी असते. रोज व्हिडिओवर बोलणं व्हायचं. दोन वर्षं त्याला ती धुरकट दिसत होती, पण आवाज तोच होता, म्हणून त्याला काही वाटलं नव्हतं. ऑपरेशननंतर त्याने फोन लावला, तर समोर पांढऱ्या केसांची बाई. सगळे केस पांढरे.

"हम पूछा, ये कब हुआ? वो बोला, तुम रोज़ तो देखता था." वर्गीसने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "सार, अभी जितना दिखता है, उतना दिन उसको देखेगा. बस."

टिपणीस सरांजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. त्या दिवशी त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, मिटलं, आणि राजीनाम्यावर सही केली. आपलं टिपण त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं. मल्होत्रांना नाव मिळालं होतं.

पुढचे पंधरा दिवस सर फॅक्टरीत खालीच दिसायचे. वेल्डरला थांबवून विचारायचे, "आँख ठीक है? कमर?" नेपाळी हेल्परला गुडघ्यांबद्दल विचारलं. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं आता आपला नंबर. शेवटी मी सरांना समजावलं की आधी हसायचं, मग विचारायचं. त्यांनी तेही सुरू केलं, त्यामुळे लोक जास्तच घाबरले.

वर्गीसला विमानतळावर सोडायला कंपनीची गाडी होती. सरांनी ती परत पाठवली. शुक्रवारी दुपारचं विमान होतं. त्यांनी स्वतः त्याचा दोरीने बांधलेला खोका डिकीत ठेवला, मी मागे बसले, वर्गीस पुढे. रस्ताभर सर त्याला सूचना देत होते. थेंब घालायचे, उन्हात काळा चष्मा लावायचा, नारळाच्या झाडावर चढायचं नाही. "हम कभी नहीं चढ़ा, सार," वर्गीस म्हणाला. "तो अब मत शुरू करना," सर म्हणाले.

दारात दोघांनी हात मिळवले. मिठी वगैरे काही नाही. "पहुँचके मेसेज करना." "करेगा, सार." वर्गीस ट्रॉली ढकलत आत गेला. आम्ही काचेबाहेर थांबलो. आत केवढी गर्दी. काउंटरची रांग संपवून तो पार पलीकडे, जिथून पुढे दिसत नाही त्या वळणाशी पोहोचला, आणि तिथे थांबून त्याने मागे वळून बघितलं. काचेपाशी आमच्यासारखी शंभरेक माणसं उभी असतील. त्याने चष्मा सावरला, सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि मग हात वर करून सरळ आमच्या दिशेने हलवला.

सरांनीही हात वर केला.

"मेधा," ते म्हणाले, "एवढ्या लांबून ओळखलं त्याने मला."

"हो, सर."

"शुभा म्हणते, दोन वर्षांनी, रिटायर झाल्यावर, आपणही ठाण्याला परत जाऊ. मी म्हणतो, जाऊ. पण तिथे आता सोसायटीचा वॉचमनसुद्धा मला विचारतो, कुणाकडे आलात." ते काचेतूनच आत बघत होते. "एवढ्या लांबून, मेधा."

वळणापाशी आता दुसरीच माणसं होती. वर्गीस कधीच आत गेला होता. सरांचा हात अजून वर होता, आणि तो खाली घ्यायचं त्यांच्या लक्षात आणून द्यायला मला काही धीर झाला नाही.